त्या हिवाळ्यात शाळा चालू होती

नारायण पेठ, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

विमलाबाई,

मी प्रेमला. लोणमळ्याच्या सोनबा भाडळ्यांचं शेंडेफळ, बापूदादाची धाकटी बहीण. तुम्ही आमचं घर सोडलंत तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाते.

आधी ‘वहिनी’ असा मायना लिहिला होता. मग ते पान फाडलं. आमच्या घरानं तुम्हाला पन्नास वर्षांत त्या नावानं हाक मारलेली नाही, तेव्हा मी परस्पर सुरू करणं बरं दिसलं नाही.

तुमचा फोन नंबरही मिळाला होता. पण फोन आवाज ऐकून ठेवून देता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी कुणाचं आहे ते बघावं लागतं. पत्ता कसा मिळाला म्हणाल, तर माझी उभी नोकरी पोस्टात गेली. खडकवासल्याच्या पोस्टमनला तुमच्या यजमानांबद्दल ‘अकादमीच्या मेसमधून निवृत्त झालेले नरहर ढमाले’ एवढंच सांगितलं. आठवड्यात घराचा रंगसुद्धा कळला. फिकट हिरवा. छान दिसतो म्हणे.

आता कामाचं. लोणमळा हे गाव म्हणून राहिलेलं नाही. वाघोलीच्या मागोमाग तेही पुण्यात आलं. आपल्या ज्वारीच्या पट्टीत बारा मजली इमारती आहेत आणि ओढ्यावर सोसायटीचा जॉगिंग ट्रॅक आहे. शाळा महापालिकेची झाली. तिची नवी इमारत पुरी होत आली आहे आणि तिला दादाचं नाव द्यायचं ठरलंय. २१ डिसेंबरला, रविवारी सकाळी कार्यक्रम आहे. त्याला जाऊन यंदा चोपन्न वर्षं होतील. धाकट्या दादाचा मुलगा ऋषी कार्यक्रमाचं सगळं बघतोय. तुम्ही यावं अशी सगळ्यांची फार इच्छा आहे.

हल्ली मला ती शाळा सारखी आठवते. एकच खोली, एकच मास्तर आणि चार वर्ग. दादानं त्यावर काढलेला तोडगा तुम्हाला आठवत असेलच. पहिलीची तोंडं पूर्वेच्या भिंतीकडे, दुसरीची दक्षिणेकडे, आणि तो मधे उभा राहून गोल फिरत शिकवायचा. पहिल्या दिवशी मी त्याला वर्गात ‘दादा’ म्हटलं तर म्हणाला, “दादा घरी. इथं गुरुजी.” तेव्हापासून मी इतकी धास्तावले की घरी जेवताना “गुरुजी, भाकरी द्या” म्हणाले होते. तुम्ही तवा उतरवून ठेवून हसला होतात.

आणि ओढ्यावरचा दोराचा पूल! पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीची पोरं शाळेला येत नसत. दादा फौजेत सॅपर होता, म्हणजे पूल बांधणं आणि सुरुंग काढणं हेच त्याचं काम. एका रविवारी त्यानं गावातले बाप्ये गोळा केले आणि बांबू आणि दोर लावून पूल उभा केला. स्वतः पहिल्यांदा पलीकडे गेला, मधे उड्या मारून दाखवल्या आणि म्हणाला, “आता शाळा बुडवायला दुसरं कारण शोधा.”

फौजेचं बोलावणं आलं तेव्हासुद्धा तो तसाच हसत एसटीत चढला. माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र आहे.

उत्तराची वाट पाहते.

प्रेमला


नारायण पेठ, पुणे
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

विमलाबाई,

तुमचं पोस्टकार्ड दिवाळीच्या फराळाबरोबर पोचलं. “पत्र मिळाले. आमच्या घरी शांतता आहे. ती तशीच राहू द्यावी. पुन्हा लिहू नये.” खाली सही. चार वाक्यांत आणि सहीत विषय संपला होता. पण सहीच्या खाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिलीत: “ता. क. ते हसत गेले नाहीत.”

ज्याला पत्रव्यवहार बंद करायचा असतो तो ताजा कलम लिहीत नाही. म्हणून पुन्हा लिहिते आहे. राग आला तर ओरडा, मला सवय आहे. चौथीत तुमचा ओरडा रोज खाल्लाय.

हसत गेला नाही, तर मग कसा गेला? मी खरंच विचारतेय. मी दहा वर्षांची होते आणि एसटीच्या टपावर कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी चढत होती, तिकडेच माझं लक्ष होतं. हसणं मी नंतर मनानं घातलं असेल. पन्नास वर्षं एखादी गोष्ट सांगत राहिलं की आपण तिला थोडी साखर लावतोच.

मला जे पक्कं आठवतं ते त्याच्या आधीचं आहे. ऑक्टोबर होता, बाजरी खळ्यावर आली होती. सरकारी लिफाफा आला. दादा फौजेतून सुटून गुरुजी झाला होता, पण सुटलेल्या माणसावर सरकारचा काही वर्षं हक्क राहतो आणि लढाई दिसायला लागली की त्याला परत बोलावतात, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. तो चुलीपाशी आला, शाळेची किल्ली तुमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, “नवा मास्तर येईपर्यंत शाळा बंद ठेवू नकोस.”

तुम्ही म्हणालात, “काहीतरीच. माझी सातवीसुद्धा पुरी नाही.”

“पोरांना कुठं ठाऊक आहे?”

“आणि साहेब तपासायला आला तर?”

“दोन वर्षांत एकदा आला. आता गावात लढाईची हवा आहे म्हटल्यावर तो कशाला येतोय?”

आबा ओट्यावरून सगळं ऐकत होते. माझ्या आठवणीत ते एवढंच म्हणाले, “बापू, तिला मस्टर लिवाय शिकवून जा.” दुसऱ्या दिवसापासून तुमची शाळा चुलीपुढं भरू लागली. दादा शिकवायचा, तुम्ही पाटीवर लिहायचात आणि आई म्हणायची, “भाकरी करपली.” इंग्रजी अक्षरं तर तुम्ही त्याआधीच त्याच्याकडून शिकत होतात, आईपासून लपवून.

तर सांगा. एसटीपाशी काय झालं?

प्रेमला


नारायण पेठ, पुणे
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

तुम्ही ‘प्रेमा’ असा मायना लिहिलात, तेव्हा आता मी मोकळी झाले.

तुमचं पत्र मी गॅलरीत उभी राहून वाचलं आणि मग घरात येऊन बसून वाचलं. म्हणजे तो तुमच्याशी भांडत होता! एसटी सुटायला आली, कंडक्टरनं घंटी दिली, आणि तुम्ही तेव्हा सांगितलंत की चौथीचा मोठा भागाकार तुम्हाला अजून येत नाही. “हे तू आत्ता सांगतेस?” म्हणून तो चिडला, गाडीतून खाली उतरला आणि एसटीच्या धुळीनं माखलेल्या पत्र्यावर बोटानं गणित मांडून दाखवायला लागला. बाकी खाली उतरवून पुढचा आकडा घेतला आणि ड्रायव्हरनं गाडी हलवली. तो पळत जाऊन चढला आणि दारातून ओरडला, “वरचं शून्य विसरू नकोस!” आणि ते अर्धं गणित तसंच वाघोलीच्या दिशेनं निघून गेलं.

तुम्ही लिहिलंय, “शेवटचं बोलणं शून्याचं झालं याचं मला फार वर्षं वाईट वाटायचं.” वहिनी, मला नाही वाटलं. मला तो इतका खराखुरा दिसला की कितीतरी वर्षांनी मी त्याच्यासाठी नीट रडले. हुतात्मा म्हणून फोटोला हार घालताना माणूस रडत नाही, नुसता उभा राहतो.

आता माझी पाळी. तुमचा तो हिवाळा तुम्ही आतून पाहिलात. मी चौथीच्या भिंतीजवळून पाहिला, तो सांगते.

पहिला आठवडा तुम्ही पदर डोक्यावर घट्ट धरून शिकवायचात आणि एका हातानं लिहायचात. मग एकदा फळा पुसताना पदर पडला आणि तुम्ही तो कमरेला खोचलात. त्या दिवशी आम्ही तुम्हाला घाबरायला लागलो. थंडी पडली तसं तुम्ही पहिलीच्या पोरांना बाहेर उन्हात बसवायला लागलात. दादानं असं कधी केलं नव्हतं. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्यांचा सिराज डाव्या हातानं लिहायचा. दादा त्याचा हात बदलायला लावायचा. तुम्ही म्हणालात, “अक्षर वळणदार आलं पाहिजे, हात कुठला का असेना.”

डिसेंबरात लढाई पेटली. चावडीवर रेडिओ लागायचा. मग ढाक्याची बातमी आली आणि तुम्ही आमची प्रभातफेरी काढलीत. कागदी झेंडे आम्ही शाळेतच केले होते, खळ घरून आणली होती. वस्तीवस्तीवर गूळ-शेंगदाणे मिळाले. तुम्ही सगळ्यांत पुढे होतात. आई दारात उभी राहून म्हणाली, “आता येईल माझा बापू,” आणि तुमच्या गालावरून बोटं फिरवून तिनं कानशिलावर मोडली.

त्यानंतर तीन की चार दिवसांनी तार आली.

गावात कुणाचीही तार आली की ती शाळेत यायची, कारण इंग्रजी वाचणारा माणूस गावात एकच होता. तो गेला होता तरी पोस्टमन सवयीनं शाळेतच आला. तुम्ही आमचा भागाकार तपासत होतात. उंबऱ्यात उभं राहून तुम्ही तार वाचलीत. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होतात, ते मला दिसत होतं. मधेच बोट थांबलं. मग परत पहिल्या अक्षरावर गेलं. दुसऱ्यांदा वाचलीत आणि कागदाची घडी घातलीत.

तुम्ही आत आलात. उरलेल्या पाट्या तपासल्या. फळा पुसला. म्हणालात, “आज एवढंच. रांगेत जा, पळू नका.” मग माझा हात धरलात आणि आपण घरी निघालो. वाटेत मी दोनदा विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, “आधी आबांना सांगू दे.” तुमचा हात थंडगार होता. अंगणात आबा दावी वळत बसले होते. त्यांच्यासमोर तुम्ही खाली बसलात, बरोबरीनं, जमिनीवर. सून सासऱ्यासमोर अशी बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. आणि म्हणालात, “आबा, सुरुंग काढताना हे गेले.”

ते शाळेतले काही क्षण मी नोकरीभर कितीदा आठवले असतील. काउंटरवर तारा माझ्याही हातून गेल्या. वाईट मजकूर असला की मला तुमचं बोट आठवायचं.

मग तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी तुम्ही किल्ली घेऊन निघालात. गावात काय काय बोललं गेलं ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही. दोन दिवस शाळेत आम्ही पाचसहा जणच होतो. तिसऱ्या दिवशी आबा घोंगडी घेऊन आले आणि शाळेच्या दारात बसले. पाटील पोराला न्यायला आले, तर आबा म्हणाले, “न्या की. पर मला वलांडून न्या. ही शाळा बंद पडली तर माझा बापू दुसऱ्यांदा मरंल.” पाटील परत गेले. तुम्ही आत तेराचा पाढा घेत होतात. आवाज जरासुद्धा हलला नाही तुमचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आबा रोज बसले. जूनमध्ये नवे मास्तर आले आणि तुम्ही किल्ली त्यांच्या हातात दिलीत.

येताय ना २१ तारखेला? तुम्ही त्या प्रश्नाला हात लावलेला नाही.

तुमची प्रेमा


नारायण पेठ, पुणे
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

वहिनी,

“कार्यक्रमाला यायचं तर तिथल्या माणसांनी बोलावलं पाहिजे. तू एकटीच लिहितेस,” असं तुम्ही लिहिलंत. पकडलंत मला. सगळ्यांची फार इच्छा आहे असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, त्यातले सगळे म्हणजे मी.

खरं काय ते सांगते.

ऋषी वाईट नाही. धडपड्या आहे, गावच्या पोरांना नोकऱ्या लावून देतो, दादाच्या नावासाठी दोन वर्षं महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या त्यानं. पण त्याचा जन्म दादा गेल्यावर दहाबारा वर्षांनी झाला. त्याला दादा ठाऊक आहे तो फोटोतला. तोही एकच फोटो, त्यामुळे त्यानं कॉम्प्युटरवर एक नवीन करून घेतलाय. त्यात दादाच्या डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी आहे, छातीवर डझनभर पदकं आहेत आणि मागून लढाऊ विमान चाललंय. मी म्हटलं, “अरे, तो विमानात कधी बसलासुद्धा नाही.” तर म्हणाला, “आत्या, इम्पॅक्ट यायला पाहिजे.”

ते एक वेळ चाललं असतं. पण त्यानं पत्रिका छापून आणली. दादाचं चरित्र आहे तीत. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय: “गुरुजी रणांगणावर गेले आणि गावची शाळा पोरकी झाली. नवे शिक्षक येईपर्यंत शाळेला कुलूप होते.”

मी वाचलं आणि पत्रिका त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. “कुलूप कुणी घातलं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे सुतकाचे दिवस सोडले तर शाळा एक दिवस बंद नव्हती. तुझी मोठी काकू शिकवत होती.”

“आत्या, झेडपीच्या रेकॉर्डला तसं काहीच नाही. सर गेले, नंतर नवीन टीचर आले. मधे ब्लँक आहे.”

“त्या ब्लँकमध्ये मी चौथी पास झाले.”

त्यानं पत्रिका उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “बघ, तू घरची. तू बोललीस तर लोक म्हणणार, आत्या इमोशनल झाल्या. आणि काकूंनी दुसरं लग्न केलंय. त्यांना वीरपत्नी म्हणून कसं अनाउन्स करायचं? कोणी उठून काही बोललं तर त्यांनाच ऑकवर्ड होईल.”

“वीरपत्नी म्हणून करूच नको. शिक्षिका म्हणून कर.”

“ट्रेंड होत्या का त्या?”

“होत्या,” मी म्हटलं. “दादानं ट्रेन केलं होतं. एसटीच्या पत्र्यावर.”

त्याला काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही. रागानं निघून आले. पत्रिका वाटून झाल्यात, आता काही बदलता येणार नाही, असा नंतर त्याचा मेसेज आला.

म्हणून तुम्ही येऊ नका, असं लिहायला मी आज बसले होते. तुम्हाला बोलावून खोट्या चरित्रापुढं बसवायचं मला पटत नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती न सांगता तसं लिहिणं बरोबर नाही.

तुमचे भाऊ तुम्हाला न्यायला आले आणि नरहरभाऊंशी लग्न ठरल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा आबा काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. “ह्या उंबऱ्याला आता ती न्हाय.” ते खरं आहे. घरात तुमचं नाव घ्यायची चोरी होती. पुढं मी नोकरीला लागले, संसाराला लागले आणि ती चोरी माझ्याही अंगवळणी पडली.

पण तुम्ही गेल्यावर काय व्हायचं ते तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. आबा म्हातारपणी पारावर बसायचे. नवा कुणी मास्तर बदलून आला की त्याला हाक मारून जवळ बसवायचे आणि सांगायचे, “मास्तर, नीट शिकवा. ह्या शाळंत आमच्या सुनंनं शिकिवलंय. नवरा गेला तरी एक दिस खाडा न्हाय केला.” तुम्ही तेरा दिवस घरी होतात, पण ते त्यांच्या हिशेबात नव्हते. एकदा मी तिथंच उभी होते. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. घरी आल्यावर पुन्हा तुमचं नाव नाही. माणूस असा का वागतो ते मला माझे केस पांढरे झाले तरी कळलेलं नाही. ते मरेपर्यंत तुम्हाला सून म्हणत होते, वहिनी. फक्त तुम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

आता यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी जाणार आहे, आणि मुकाट्यानं बसणार नाही.

तुमची प्रेमा


नारायण पेठ, पुणे
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

वहिनी,

काल सांगायला वेळ मिळाला नाही आणि फोनवर सांगायची गोष्ट नाही. तुम्ही पोचलात तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. खडकवासल्याहून सकाळी सातला निघालेली माणसं नगर रोडनं दुपारपर्यंत अडकवून ठेवली. पन्नास वर्षं आम्ही अडवलं, उरलेलं त्या रस्त्यानं. तर तुमचं काय हुकलं ते ऐका.

भाषणं लांबली. मला बोलायला बोलावतील अशी लक्षणं दिसेनात. मग ‘गुरुजींचे विद्यार्थी’ म्हणून सिराजचं नाव पुकारलं. त्याचं आता वाघोलीत हार्डवेअरचं मोठं दुकान आहे, त्यानं शाळेच्या खिडक्यांच्या जाळ्या फुकट दिल्यात. मी त्याच्याशी आधी काही बोलले नव्हते, शपथेवर सांगते. तो पत्रिका हातात घेऊनच उभा राहिला.

म्हणाला, “मला गुरुजींचा विद्यार्थी म्हणून बोलावलंय. गुरुजींनी मला पहिलीत चार महिने शिकवलं. त्यात मी ‘क’पर्यंत आलो होतो आणि तोसुद्धा उलटा काढायचो. मग गुरुजी लढाईला गेले. या पत्रिकेत लिहिलंय की त्यांच्यामागे शाळेला कुलूप होतं.” त्यानं चष्मा काढला. “मग कुलूप लावलेल्या शाळेत मी वाचायला शिकलो कसा?”

लोक आधी हसले. मग एकमेकांकडे बघायला लागले.

“मला विमलाबाईंनी वाचायला शिकवलं. गुरुजींच्या मंडळींनी. पगार नाही, काही नाही. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा. माझी अम्मी रोज म्हणायची, त्या बाईला त्रास देऊ नकोस. त्या हिवाळ्यात शाळेत होते असे आणखी कोण कोण बसलेत इथं? सांगा की, बंद होती का शाळा?”

मागून एक म्हातारा ओरडला, “चालू व्हती की! मार खाल्लाय मी तिथं!” तो पलीकडच्या वस्तीवरचा ज्ञानू. मग दुसरीकडून कुणीतरी “चालू होती” म्हटलं, बायकांतूनही आवाज आला. मी उभी राहिले तर कुणाचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. मी रात्रभर घोकलेलं भाषण तसंच राहिलं आणि त्याचं मला मुळीच दुःख नाही.

ऋषीचं कौतुक केलं पाहिजे. चेहरा पडला होता, पण उठला. माइक हातात घेतला आणि नेहमीची इंग्रजी विसरून म्हणाला, “चूक माझी आहे. मी विचारलं नाही. आत्यानं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही. शाळेच्या इतिहासात विमलाबाईंचं नाव गुरुजींच्या खाली लागेल.” सिराज खुर्चीवर बसता बसता म्हणाला, “खाली नको, नंतर लाव.” आणि मग लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही बराच वेळ मान खाली घालून होतात, म्हणून मला दिसलं ते सांगते.

तुम्ही गाडीतून उतरलात आणि पहिल्यांदा फ्लेक्सकडे बघितलंत. टोपी, पदकं, विमान. बराच वेळ बघितलंत आणि मला विचारलंत, “हे कोण?” तेव्हा ऋषी तुमच्या मागेच उभा होता. मी सांगितल्यावर तुम्ही इतक्या हसलात की नरहरभाऊंनी तुम्हाला हाताला धरलं. ऋषीनं त्याच क्षणी दोन पोरांना खूण केली आणि संध्याकाळपर्यंत तो फ्लेक्स उतरला. तुमच्या हसण्यानं जे झालं ते माझ्या महिन्याभराच्या भांडणानं झालं नव्हतं.

सिराज समोर आला आणि म्हणाला, “बाई, ओळखलंत का?” तुम्ही त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलंत. “डावरा. पेटीवाल्यांचा.” तो साठ वर्षांचा माणूस, नातवंडांचा आजा, मातीत बसला आणि तुमच्या पायांना हात लावला. तुम्ही त्याला उठवलंत आणि विचारलंत, “तुझी अम्मी?” तो म्हणाला, “गेली, बाई. तुमचं नाव काढायची.” तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात.

मग घर. जुनं पडलं, नवं बांधलं, पण जागा तीच. तुमची पावलं दाराबाहेर थांबली, ते मी पाहिलं. आत तेजस्विनी, ऋषीची बायको, ओटीचं ताट घेऊन उभी होती. कालपर्यंत तिला तुमचं नाव माहीत नव्हतं. तिनं मला स्वयंपाकघरात कानात विचारलं होतं, “आत्या, ओटी भरायची ती कुठल्या नात्यानं? सून म्हणून कशी भरू? त्यांचे मिस्टर बाहेर गाडीत बसलेत.” मी नुसती पोलक्याच्या खणाची घडी उलगडून परत घालत बसले. तर ही पस्तिशीची पोरगी म्हणाली, “जाऊ दे, लेक म्हणून भरते. ते नातं आबांना तोडता आलं नसतं.”

तिनं दारातच तुमच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, “या, माहेरी आलात.” तुम्ही पदर पुढं केलात. नारळ पदरात पडला आणि तुम्ही तो छातीशी धरलात. मी दुसरीकडे बघितलं, कारण नाहीतर आपण दोघी तिथंच बसलो असतो.

आणि नरहरभाऊ! ऋषी त्यांना बोलवायला गाडीपाशी गेला तर म्हणाले, “मी इथं कोण? मी बसतो पेपर वाचत. तुमचं होऊ द्या.” तेजस्विनी आतून ओरडली, “लेकीचे मालक म्हणजे या घरचे जावई. जावई दारात बसवतात का?” एक्याऐंशी वर्षांचा माणूस, गाडीच्या दाराला धरून आधी नुसता बघतच राहिला. मग चष्मा काढून डोळे पुसले. आत आले ते थेट दादाच्या फोटोपुढं गेले. खऱ्या फोटोपुढं. हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, “नीट सांभाळलंय. काळजी नसावी.” तुम्हाला ते ऐकू गेलं नाही, तुम्ही आत तेजस्विनीशी बोलत होतात. मी ऐकलं. म्हणून लिहून कळवते आहे.

आता एक महत्त्वाचं. मी आज पंचांग काढून पाहिलं. येत्या मेमध्ये अधिक महिना आहे. जावयाला वाण द्यावं लागतं, त्यातून पहिलाच अधिक महिना म्हटल्यावर सुटका नाही. तेजस्विनीनं आत्तापासून अनारशांच्या पिठाची चौकशी सुरू केली आहे. तिला ते येत नाहीत, मला कधी जमले नाहीत आणि नरहरभाऊंचे समोरचे दात काल जेवताना मी मोजून ठेवलेत. तेव्हा आपण तिघी मिळून मऊ करू. नगर रोडचा भरवसा धरू नका, दोघंही आदल्या दिवशीच मुक्कामाला या.

तुमची प्रेमा